खवले मांजराचा कॉमेंटेटर

कल्पेश भोईर आमच्या कॉलेजात तीन वर्षं शिकला, असं कॉलेज म्हणतं. वर्गात त्याला पाहिलेली माणसं मात्र मला फारशी भेटली नाहीत. डिसेंबर ते मे हा टेनिस बॉल क्रिकेटचा सीझन आणि उरलेले महिने म्हणजे सीझनची तयारी, असं त्याचं शैक्षणिक वर्ष होतं. बरं, तो स्वतः खेळायचाही नाही. खेळणारे गल्लोगल्ली पडलेत, असं त्याचं म्हणणं होतं. तो बोलायचा.

नवी मुंबईतल्या जुन्या गावांची टुर्नामेंट ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे कळणार नाही. मांडव असतो, स्टेज असतं, स्टेजवर पाहुण्यांसाठी सोफा असतो, दर दोन ओव्हरनंतर कुणाचा तरी शाल-श्रीफळ देऊन सत्कार असतो, आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत एक माणूस माइकवर न थांबता बोलत असतो. बॅट्समनचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याच्या गावचं नाव, त्याने मागच्या वर्षी सोडलेला कॅच, सगळं त्याला तोंडपाठ लागतं. बोनकोडे गावात तो माणूस कल्पेश होता. आधीच्या म्हाताऱ्या कॉमेंटेटरचा घसा बसला आणि माइक कल्पेशच्या हातात आला, तेव्हापासून तो घसा जपायला लागला. आइस्क्रीम बंद, थंड पाणी बंद, आणि मे महिन्यातल्या घामाच्या धारांतही गळ्याला मफलर. अंगाने पैलवान, गळ्यात सोन्याची साखळी आणि त्यावर तो लोकरी मफलर, असं ते ध्यान पहिल्यांदा माझ्या दारात उभं राहिलं तेव्हा मला वाटलं की याला ताप आला असावा आणि हा घरी जायची परवानगी मागतोय.

तो हजेरीसाठी आला होता. त्याची हजेरी इतकी कमी होती की प्राचार्यांनी त्याला परीक्षेला बसू द्यायच्या बदल्यात समाजसेवेची शिक्षा फर्मावली होती, आणि समाजसेवा म्हणजे मी. निसर्ग मंडळ तेव्हा माझ्याकडे होतं. मी प्राणिशास्त्र शिकवते म्हणून ते माझ्याकडे आलं असं प्राचार्य सांगत. खरं म्हणजे मी त्या वर्षी नवीन होते, आणि नव्या माणसाची नाही म्हणायला जीभ रेटत नाही. कागदावर मंडळाचं काम दांडगं होतं. नष्ट होत चाललेल्या प्राण्यांविषयी आणि त्यांच्या चोरट्या व्यापाराविषयी विद्यार्थ्यांनी लोकांत जाऊन जागृती करायची. प्रत्यक्षात मंडळ म्हणजे प्रज्ञा वाघमारे आणि तिने दटावून आणलेल्या तिच्या दोन मैत्रिणी. प्रज्ञाचे आईवडील परभणीकडचे, ती मात्र इथेच घणसोलीत वाढलेली. वन्यजीव कायद्याची कलमं तिला पाढ्यांसारखी येत. तिच्याकडे ज्ञान भरपूर होतं, फक्त ऐकायला कुणी थांबत नसे.

प्राण्यांबद्दल काय माहीत आहे, असं मी कल्पेशला विचारलं. मासे ओळखता येतात, असं तो म्हणाला. बाकीचं शिकवा, आपण बोलू. मग जरा थांबून त्याने विचारलं, "मॅडम, ही वॉर्निंग हाय का डायरेक औट?"

त्याच शनिवारी कोपरखैरण्याच्या भाजी मार्केटसमोर आम्ही टेबल मांडलं. प्रज्ञाने खवले मांजराची माहिती वाचायला घेतली. माहिती चोख होती. खवले मांजर हा जगातला सगळ्यात जास्त चोरून विकला जाणारा सस्तन प्राणी, त्याच्या खवल्यांना औषध समजतात, प्रत्यक्षात ते खवले म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य. लोक कोथिंबिरीची जुडी हुंगत पुढे चालले होते. एक बाई थांबल्या, त्यांनी टेबलावर पिशवी टेकवली, हात बदलला आणि गेल्या. सगळा पालथ्या घड्यावर पाणी असा प्रकार. अर्ध्या तासाने कल्पेशला ते बघवेना. त्याने प्रज्ञाच्या हातातला भोंगा विनंती करून मागून घेतला, मफलर सैल केला आणि सुरू झाला.

"आनि आता स्ट्राइकला आलेलं हाय, सह्याद्रीच्या जंगलातून थेट कोपरखैरण्याच्या मैदानावर, खवले मांजर. उंची कमी, नजर खाली, स्वभाव गरीब. समोरून बॉलिंगला येतोय शिकारी, त्याच्यामागे दलाल, आनि दलालाच्या मागे, मंडळी, गिऱ्हाईक. हा गिऱ्हाईक कोन हाय? हा आपल्यातलाच हाय. बघा, बाजूवाल्याच्या तोंडाकडे बघा."

लोक खरोखर शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागले. भाजीवाल्याने तागडी खाली ठेवली. पाच मिनिटांत रस्ता अडला. कल्पेशने मुंग्यांना फील्डिंगला लावलं, वाळवीला स्लिपमध्ये उभं केलं, आणि एका रात्रीत खवले मांजर किती मुंग्या खातं याचा स्ट्राइक रेट मनानेच ठोकून दिला. मी मागून त्याचा शर्ट ओढत होते. आकडा चुकला की मी शर्ट ओढायचा आणि त्याने लगेच "सुधारित धावसंख्या" जाहीर करायची, अशी पद्धत आमच्यात त्या दिवशी पडली ती शेवटपर्यंत टिकली. करावे गावची एक मासेवाली टोपली घेऊन मन लावून ऐकत होती. सगळं संपल्यावर तिने विचारलं की एवढे खवले म्हणजे साफ करायला लई टाइम लागत असेल, नाय? प्रज्ञा तिथेच मटकन बसली. कल्पेशने मात्र त्या बाईंना बाजूला घेऊन पुन्हा पहिल्या बॉलपासून सगळं समजावलं, आणि पुढच्या शनिवारी त्या स्वतः चार जणींना घेऊन आल्या.

मग तो रमलाच. हजेरी भरून निघाली तरी यायचा थांबला नाही. आम्हा सगळ्यांची त्याने नवी ओळख करून ठेवली होती. "वाघ वाचवायला खुद्द वाघमारे" हे ऐकून प्रज्ञा पहिल्यांदा चिडली, दुसऱ्यांदा तिने दुर्लक्ष केलं आणि तिसऱ्यांदा ती हसली. माझं आडनाव परकार. मी म्हसळ्याची, कोकणी मुसलमान घरातली. ते कळल्यापासून कुठेही गेलो की "म्हसळा एंडकडून परकार मॅडम" असा पुकारा व्हायचा आणि शिरवण्याच्या सोसायटीतली माणसं माझ्याकडे मी आता बॉल टाकणार असल्यासारखी बघायची. माझ्या अम्मीला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिला त्या मुलाबद्दल एकदम माया वाटू लागली. त्याला घावन खाऊ घालायला घेऊन ये म्हणाली.

पोशाखाची कल्पना त्याचीच. नुसत्या बोलण्याने भागत नाही, लोकांना प्राणी दिसला पाहिजे. त्याच्या चुलतबहिणीच्या हळदीला आणलेल्या चंदेरी कागदी प्लेटा उरल्या होत्या. आमच्याकडे हळदीच्या मटणाला जेवढं गाव जेवतं तेवढं लग्नालाही जेवत नाही, असं तो अभिमानाने सांगायचा, त्यामुळे उरलेल्या प्लेटाही पोत्याने होत्या. त्याच्या आईने त्या अर्ध्या कापून, एकीवर एक चढवून, जुन्या रेनकोटवर शिवल्या. लांबून बघितलं तर खरंच खवले वाटायचे. जवळून बघितलं तर काही प्लेटा वापरून धुतलेल्या होत्या हे कळायचं. माणसांना कळायला वेळ लागला. कुत्र्यांना लागला नाही.

पुढचा कार्यक्रम सेक्टरमधल्या एका सोसायटीत होता, तिथे बोनकोड्याहून तो पोशाख घालूनच चालत निघाला. जागृतीचं एक मिनिटही वाया जाता कामा नये. सेक्टरच्या कोपऱ्यावर आम्ही उभे होतो, तेव्हा लांबून उन्हात लखलखणारं काहीतरी येताना दिसलं आणि त्याच्यामागे गावातली सगळी कुत्री शिस्तीत चाललेली दिसली. मटणाच्या वासाने ती वेडी झाली होती. सोसायटीच्या गेटपर्यंत ती सभ्यपणे आली, आणि तिथे एकाने शेपटीकडची प्लेट चाटली. कल्पेशने मागे वळून पाहिलं. संकटात खवले मांजर काय करतं हे मी त्याला आदल्याच दिवशी शिकवलं होतं. ते पळत नाही, लढत नाही, अंगाचा गोळा करून पडून राहतं. तो गोळा होऊन पडून राहिला.

लहान पोरं धावत आली, गॅलऱ्या भरल्या. वॉचमनने काठी आपटून कुत्री हाकलली. प्रज्ञाने प्रसंग साधून भोंगा हातात घेतला आणि नैसर्गिक संरक्षणाबद्दल आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण ठोकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोळा काही उलगडेना. रेनकोट गुडघ्यात अडकला होता. शेवटी वॉचमन आणि मी मिळून त्याला गडगडत सावलीत नेलं. आतून आवाज आला, "मॅडम, समजलं का लोकांना?" समजलं होतं. त्या सोसायटीत आजही कुणाला खवले मांजर काय करतं विचारा.

माणूस विनोदी म्हणून सगळ्यांना आवडायचा, पण मला तो खरा कळला ब्रशच्या भानगडीत. कॉलेजात आमचं मोठं पोस्टर प्रदर्शन होतं. एव्हाना वाढलेल्या मंडळातल्या पोरांनी रात्रंदिवस खपून वाघ, कासव, पाणमांजर, माळढोक रंगवले होते. उद्घाटनाच्या सकाळी प्रज्ञा पांढरी पडून माझ्याकडे आली. तिच्या हातात रंगवायचे ब्रश होते. स्टेशनरीवाल्याकडून स्वस्तात आणलेले ते छान, टोकदार, करड्या-तपकिरी केसांचे ब्रश मुंगसाच्या केसांचे होते. मुंगूस मारून केलेल्या ब्रशने आम्ही "वन्यजीव वाचवा" लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार, अशातली गत. प्राचार्यांचं मत पडलं की ब्रश गुपचूप फेकून द्यावेत आणि पाहुणे यायच्या आत चहा मांडावा. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तेच बरं वाटलं.

कल्पेशला ते पटलं नाही. आमच्या गावात सरावाच्या मॅचला वेगळा अंपायर नसतो, असं तो सांगू लागला. बॅटिंग करणाऱ्या टीमचाच एक जण अंपायरला उभा राहतो. म्हणजे तुमचाच माणूस पायचीत झाला तर बोट तुम्हालाच वर करावं लागतं. जो करत नाही त्याला शिव्या देत नाहीत, भांडत नाहीत, फक्त पुढच्या मॅचला बोलवत नाहीत. "आपल्या मानसाला औट देतो तोच अंपायर, मॅडम. दुसऱ्याला काय, कोन पन देतो."

आणि पाहुण्यांसमोर, माइकवर, त्याने आमच्या मंडळाला औट दिलं. ही सगळी चित्रं मुंगसाच्या केसांच्या ब्रशने काढलेली आहेत, आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही विचारलं नाही, ही आमची चूक. मग ते ब्रश त्याने काचेच्या बरणीत घालून पहिल्याच टेबलावर मांडले. त्या दिवशी वाघाकडे कुणी बघितलं नाही. चित्रकलेच्या दोन शिक्षिका मात्र घरी जाऊन आपापले ब्रश तपासतो म्हणाल्या. प्राचार्य माझ्याशी आठवडाभर फक्त परिपत्रकांतून बोलत होते.

त्यानंतर काही दिवसांनी प्रज्ञाने नवा तक्ता आणला. पूजेच्या आणि वास्तूच्या दुकानांत कुठल्या नावाने काय विकतात, असा तो तक्ता होता. हत्थाजोडीची मुळी म्हणून विकतात ते घोरपडीचं सुकवलेलं गुप्तांग असतं. "इंद्रजाल" म्हणून काचेच्या फ्रेममध्ये घालून विकतात, नजर लागू नये म्हणून दारावर टांगतात, ती समुद्रातली काळी जाळीदार वनस्पती नसतेच. ते प्रवाळ असतं, असंख्य बारीक जीवांनी मिळून बांधलेलं. ते तोडायला, विकायला, बाळगायला कायद्याने बंदी आहे. पोरं फोटो बघून आश्चर्य करत होती. कल्पेश काहीच बोलला नाही. तो गप्प बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि मला काळजी वाटली.

सगळे गेल्यावर तो थांबला. त्याचे मोठे काका बाळारामशेठ यांचं सेक्टरमध्ये पूजा-साहित्याचं आणि वास्तूच्या वस्तूंचं दुकान होतं. त्यांच्या भिंतीवर त्या फ्रेमा ओळीने टांगलेल्या होत्या. घर एकत्र, काका घराचे कर्ते, आणि टुर्नामेंट कमिटीचे अध्यक्षही तेच. मांडव त्यांचा, चषक त्यांचा आणि माइकही त्यांचाच. त्या वर्षीच्या फायनलला उरण-पनवेलकडचे मोठे आयोजक येणार होते. त्यांच्या टुर्नामेंटा मोबाइलवर हजारो लोक लाइव्ह बघतात. त्यांना आवाज आवडला की कल्पेशचं नाव जिल्हाभर होणार होतं. त्याला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

"काका आत जाईल का, मॅडम?"

मी खोटं बोलू शकले नाही. स्वतःहून वनखात्याकडे नेऊन दिलं तर निभावेल, कुणी तक्रार करून धाड पडली तर कठीण, असं मला कळलं होतं तेवढं सांगितलं. त्याने घरी विषय काढला. काकांना ते पटेना. ठोक व्यापाऱ्याने त्यांना समुद्रातलं झाड म्हणून विकलं होतं, ते गिऱ्हाइकाला झाड म्हणून विकत होते, आणि झाडाला कसला आलाय कायदा. शेवटी ते एवढंच म्हणाले की फायनल होऊ दे, मग बघू. कल्पेशने ते धरून ठेवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तो तरी काय करणार होता. मीही त्याला घाई केली नाही.

फायनलला त्याने मैदानाच्या कडेला आम्हाला टेबल मिळवून दिलं. बोनकोड्याविरुद्ध करावे अशी मॅच होती. कल्पेश त्या दिवशी जे बोलला तसं मी पुन्हा कुणाला बोलताना ऐकलं नाही. सोफ्यावर बसलेले पनवेलकर मॅच सोडून त्याच्याकडे बघत होते आणि मधूनच एकमेकांना कोपर मारत होते. करावे जिंकलं. त्यांच्या ओपनरला मॅन ऑफ द मॅच जाहीर झालं, तो हार गळ्यात घालून स्टेजवर आला, आणि बाळारामशेठ मखमली कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी तोलत पुढे झाले. नेहमीचा चषक नव्हता. यंदा त्यांनी मनापासून, स्वतःच्या दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू काढली होती. त्यांनी कापड दूर केलं. सोनेरी फ्रेम, काच, आणि काचेमागे ते काळं जाळीदार प्रवाळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी पुतण्याला खूण केली की पुकार.

माइकवर काहीच आलं नाही. त्या माइकवर गावाने एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. जनरेटरची घरघर ऐकू यायला लागली. साउंडवाला उठून वायरी हलवून बघू लागला. प्रज्ञाने माझा हात घट्ट धरला होता.

"मंडळी," कल्पेश म्हणाला, "हे बक्षीस देता येनार नाय. ह्याला इंद्रजाल बोलतात, झाड बोलतात. हे झाड नाय. समुद्रातला जीव हाय, प्रवाळ. तोडनं गुन्हा, इकनं गुन्हा, घरात टांगनं पन गुन्हा. माझ्या काकाला झाड सांगून इकलंय, तो फसलाय. मला म्हायत होतं, आनि मी फायनल संपायची वाट बघत बसलो. म्हनून पयला औट मी. दुसरा काका."

"पयला" म्हणेपर्यंत शेठनी साउंडवाल्याला हात केला होता आणि माइक बंद पडला होता. काही उपयोग झाला नाही. दुसरा कोण ते मैदानापलीकडच्या नाल्यापर्यंत ऐकू गेलं. करावेचा ओपनर दोन्ही हात पुढे करून तसाच उभा होता. कमिटीतल्या कुणाला तरी त्याची दया आली, आणि पाहुण्यांना वारा घालणारा टेबलफॅन प्लग काढून त्याला देण्यात आला. तो फॅन घेऊन त्याने फोटोही काढले. पनवेलकर मात्र चहा न घेता गेले.

पुढच्या आठवड्यात बाळारामशेठ स्वतः कॉलेजात आले. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, चेहरा ओढलेला. वनखात्याच्या ऑफिसात एकटं जायला त्यांना संकोच वाटत होता. मी सोबत गेले. सगळ्या फ्रेमा त्यांनी टुर्नामेंटच्या जुन्या बॅनरमध्ये बांधून आणल्या होत्या. साहेबांनी टेबलावर गाठोडं सोडलं तर त्यांना आधी दिसले ते हात जोडून हसणारे बाळारामशेठच, खाली "आपले सहर्ष स्वागत" असं लिहिलेलं. साहेबांनी एकदा बॅनरकडे पाहिलं, एकदा समोरच्या माणसाकडे. शेठनाही हसू आलं, पण त्यांना ते आवरावं लागलं. पुढे त्यांना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या, व्यापाऱ्याचं नावगाव द्यावं लागलं, पण आत जायची वेळ आली नाही.

बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघत असताना ते म्हणाले, "पोरगा खोटा नाय बोलला, मॅडम. पन माझ्या ग्राउंडवर बोलला. घरान काय पन बोलला असता, मी आयकलं असतं. आता माइक त्याला मिलनार नाय." त्यात राग कमी होता आणि दुःख जास्त होतं. घरात तो बोलला होता आणि त्यांनी ऐकलं नव्हतं, हे त्या घटकेला त्या माणसाला सांगणं मला जमलं नाही.

माइक खरंच मिळाला नाही. बोनकोड्यात नाही आणि कुठेच नाही. स्पॉन्सरला स्टेजवर उघडा पाडणारा कॉमेंटेटर कोण बोलावणार? फायनलच्या दुसऱ्याच दिवशी कल्पेश मंडळाच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या गळ्यात मफलर नव्हता. टपरीवरून आणलेलं बर्फाचं सरबत पीत होता. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी कपाटात काहीतरी शोधत राहिले. तो मात्र पुढच्या शनिवारच्या टेबलाचं बोलत होता. वर्षअखेरीपर्यंत एकही शनिवार त्याने चुकवला नाही. मग परीक्षा झाली, तो कसाबसा पास झाला, आणि पोरं जशी जातात तसा गेला.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. प्रज्ञा तोवर वकिलीला लागली होती. मी विद्यार्थ्यांची कारखान्याला भेट ठरवायला पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत गेले होते. दुपारची वेळ, जेवणाची सुट्टी. दोन शेडच्या मधल्या खडीच्या मोकळ्या प्लॉटवर निळ्या गणवेशातले कामगार क्रिकेट खेळत होते. मी मधून चालत जाणार तेवढ्यात एक उत्तरेकडचा तरुण ऑपरेटर धावत आला आणि त्याने मला अडवलं. "मॅडम, उधर से मत जाइए. अंडे हैं." त्याने बोट दाखवलं तिकडे खडीतच, उघड्यावर, टिटवी बसली होती. तिच्या भोवती लांब अंतरावर चुन्याने गोल आखला होता. चेंडू गोलात गेला तर तो तिथेच मेला, पिल्लं निघेपर्यंत आणायला कोणी जायचं नाही, "भोईर साब का रूल है", असं तो मला समजावून सांगू लागला. टिटवी घरटं बांधत नाही, अशीच अंडी घालते, हेही त्याने मला शिकवलं. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मी निमूट ऐकून घेतलं आणि मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

भोईर साब पालथ्या पिंपावर उभे राहून तोंडाला हातांची ओंजळ लावून बोलत होते. तो आता पॅकिंगचा सुपरवायझर होता, पोट सुटलं होतं. मला पाहून त्याने मॅच थांबवली नाही, मला मॅचमध्येच घेतलं. म्हसळा एंडकडून माझं आगमन जाहीर झालं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. ओव्हर संपल्यावर तो उतरून आला. मी घरचं विचारलं. काका पहिल्यांदा बोलत नव्हते, आता बोलतात, असं त्याने सांगितलं. "जेवाला पन संगती बसतो. माइकचं नाय काढत." एवढं बोलून तो हसला, आणि त्या हसण्यात किती काय गिळलेलं आहे ते मला दिसलं.

तेवढ्यात कुणीतरी बॉल उचलून मारला. तो शेडच्या पत्र्यावर आपटून टिटवीच्या गोलात जाऊन पडला. टिटवी मान वर करून ओरडली, पण उठली नाही. खेळ थांबला. दुसरा बॉल आहे का, असं मी विचारलं. नव्हता. पिल्लं निघायला किती दिवस लागतात, असं कल्पेशने मला विचारलं. मी म्हटलं, साधारण चार आठवडे. तो पुन्हा पिंपावर चढला.

"मॅडमांचा निर्णय आलेला हाय. चार आठवडे. पुढची मॅच पिल्लांच्या नंतर."

एकाने कपाळाला हात लावला, दोघेतिघे हसले. कारखान्याचा भोंगा वाजला. सगळे टिटवीला लांबून वळसा घालून आत कामाला गेले.